अण्णांच्या सहीवरची माझी वर्षं

वहिनी, सुजाताताई, आणि विहारात जमलेली सगळी मंडळी,

माझं नाव दशरथ. मी प्लंबर. माझ्या आधी जे बोलले ते शिकलेले लोक आहेत, त्यांनी सुखदेव अण्णांबद्दल फार चांगलं सांगितलं. मला तसं जमणार नाही. हातात पाना असला की माझं चालतं, हातात माईक आला की जीभ जड होते. आणि आज ती जड व्हायला आणखी एक कारण आहे. म्हणून गेल्या सोमवारी सकाळी मी काय केलं, ते आधी सांगतो. ते सांगितलं तरच पुढचं बोलायला मला तोंड राहील.

सोमवारी सकाळी आंघोळ केली, देवाला दिवा लावला आणि गाडी काढून अण्णांच्या घराकडं निघालो. खिशात एका नव्या नळाचा अर्ज होता. अण्णांना गाडीवर नेऊन पाइपासाठी खणलेली चारी दाखवायची आणि मग त्यावर त्यांची सही घ्यायची होती. वाटेत दोन केळी घेतली, कारण गोळ्या घ्यायच्या आधी अण्णांना केळं लागायचं. वळणावर आलो तर दारात माणसं उभी. वहिनी उंबऱ्यात बसल्या होत्या आणि त्यांची लेक, सुजाताताई, त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मला कळलं. पहाटे झोपेतच अण्णा गेले होते.

मंडळी, त्या क्षणी माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? अण्णा गेले, हे आलं नाही. आलं ते असं : आता सही कुणाची घ्यायची?

हे मी माझ्या देवाला सांगितलंय आणि आज तुम्हाला सांगतोय. मी तो अर्ज घडी घालून शर्टाच्या आत सरकवला, कुणाला दिसू नये म्हणून. दिवसभर तो माझ्या छातीशी होता. अण्णांना खांदा दिला तेव्हाही होता. संध्याकाळी घरी येऊन काढला तर घामानं त्यावरची शाई उतरलेली.

ज्यांना आमच्या धंद्यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. घरात नवा नळ घ्यायचा तर नगरपरिषदेच्या अर्जावर परवाना असलेल्या प्लंबरची सही लागते. हे काम मी केलं, ते नियमानं आहे, काही झालं तर जबाबदार मी, असा त्या सहीचा अर्थ. परवान्याला फी असते. अनामत असते. दर मार्चला नूतनीकरण, आणि उशीर झाला की दंड वेगळा. रोज कमावून रोज खाणाऱ्याला हे जड जातं, यात खोटं काही नाही. म्हणून परवाना एकाचा आणि त्याच्या सहीवर काम करणारे सात-आठ, असं सगळीकडं चालतं. काही परवानेवाले तर कोऱ्या अर्जांच्या गठ्ठ्यावर आधीच सह्या करून ठेवतात. घेऊन जा, भरा, लावा. पाइप कुठून गेला, कोण बघतो?

अण्णा बघायचे.

आम्ही अण्णांच्या सहीवर काम करणारी माणसं. रफिकभाई समोर बसलाय, तो सांगेल. अण्णांचा नियम एकच होता. "चारी उघडी ठेव. मी येईपर्यंत माती लोटायची न्हाई." उन्हातान्हात सायकलवर यायचे. चारीत उतरायचे, प्रत्येक जॉइंटवर बोट फिरवायचे. मग नळ सोडायचा, थोडं पाणी वाहू द्यायचं, आणि पहिला ग्लास अण्णांनी प्यायचा. प्यायचा म्हणजे चाखायचा नाही, पुरता प्यायचा. मगच खिशातला पेन निघायचा. सहीचे पैसे कधी घेतले नाहीत. चहा मात्र हक्कानं मागायचे, "साखर कमी अन् बशी मोठी."

त्या पहिल्या ग्लासावरून एकदा काय झालं, ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. गावातल्या एका जुन्या घरात नळ दिला होता. घरातल्या म्हाताऱ्या आजी तांब्या घेऊन उभ्या. अण्णा कोण, कुठल्या वस्तीतले, हे त्यांना ठाऊक. म्हणाल्या, "पयलं पानी देवाला जाईल. तुमी मागून प्या."

अण्णा चारीतच उभे होते. हात पुसत म्हणाले, "मावशी, देवाला घाई हाय का? पानी चांगलं हाय का वंगाळ, आधी माझ्यावर बघू. मला काय झालं न्हाई तर मग देवाला द्या. उगं देवाच्या पोटात दुखाया नको."

आजी आधी तोंडाला पदर लावून हसल्या. मग त्यांनीच ग्लास भरला आणि पुढं केला. अण्णा प्याले. त्यांच्या आजोबांना गावाच्या विहिरीवर पाय ठेवू देत नव्हते, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं, तेही पाइपाला आटे पाडता पाडता. पुन्हा कधी तो विषय काढला नाही. पण गावातल्या शेकडो नळांचं पहिलं पाणी ते प्याले. त्यांच्यासाठी ते काय होतं, हे मला फार उशिरा उमगलं.

मी मूळचा भंडारदऱ्याकडचा. धरणाच्या काठावर जन्मलो आणि आई लांबून डोक्यावर हंडे आणताना बघत मोठा झालो. गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो. वीस-बावीस वर्षांपूर्वी पोटासाठी खाली आलो, तेव्हा मला अण्णांनी हाताशी धरलं. आटे पाडायला त्यांनी शिकवलं. पाइपातल्या पाण्याचा आवाज ऐकून गळती ओळखायला त्यांनी शिकवलं. माझी मुलगी शिकली, घरावर स्लॅब पडला, ते सगळं त्यांच्या सहीवर.

दर मार्च महिन्यात अण्णा मला विचारायचे, "दशरथा, औंदा काढतोस का परवाना?"

मी म्हणायचो, "फी लई हाय अण्णा."

हे उत्तर मी दरवर्षी दिलं. फी वाढली त्या वर्षी दिलं. फी वाढली नाही त्या वर्षीही दिलं. अण्णांना ते खरं वाटलं असावं, किंवा त्यांनी तसं दाखवलं. कारण एका वर्षी ते आम्हा सगळ्यांना घेऊन नगरपरिषदेत गेले. साहेबांपुढं उभे राहून म्हणाले, "साहेब, माझी फी कमी करा म्हणत न्हाई मी. मी भरतोय. पर ही पोरं रोजावर हायत. एका दमात एवढी रक्कम त्यांनी कुठून आणायची? तुमाला परवानेवाले हवेत का चोरून काम करणारे हवेत?" चार खेपा घातल्या. शेवटी फी दोन हप्त्यांत भरायची सवलत मिळाली. रफिकभाईनं त्याच वर्षी परवाना काढला. मी काढला नाही.

रफिकभाई तेव्हा मला चारचौघांत म्हणाला होता, "दशरथभाऊ, दोन म्हशी घेतल्यास, गाडी घेतलीस. फी तेवढी सुटत न्हाई व्हय? का परवान्याला दूध न्हाई म्हणून?"

सगळे हसले. मीही हसलो. अण्णा हसले नाहीत.

मंडळी, मी बारा वर्षं सगळ्यांना फी सांगत आलो. फी नव्हती ती. खरं कारण आज अण्णांच्या फोटोसमोर सांगतो.

बारा वर्षांपूर्वी कुंभार गल्लीत पोपटरावांच्या घरी नळाचं काम मी केलं. मेन लाइन रस्त्याच्या पलीकडं, आणि मध्ये गटार. गटार ओलांडायचं तर पाइप वरून न्यायचा. खालून न्यायचाच झाला तर जाड लोखंडी पाइपाच्या आतून न्यायचा, आणि गटारात जॉइंट कधीही ठेवायचा नाही. शिकाऊ माणसालाही हे ठाऊक असतं. मला तर अण्णांनी शिकवलं होतं. पण त्या दिवशी माझा पाइप हातभर कमी पडला. दुकान लांब. पोपटरावांच्या घरी दुसऱ्या दिवशी साखरपुडा, मांडववाले खोळंबलेले. मी तुकडा जोडला. जॉइंट नेमका गटाराच्या पोटात आला. आणि अण्णा यायच्या आत मी चारी बुजवली.

अण्णा आले. बुजवलेल्या चारीकडं बघितलं. म्हणाले, "हे काय रे?"

"मांडववाल्यांनी घाई केली अण्णा."

"गटारापाशी जॉइंट हाय का?"

"न्हाई अण्णा. अखंड पाइप हाय."

"तू म्हणतोस ना?"

"व्हय."

त्यांनी नळ सोडला. पहिला ग्लास प्याले. सही केली.

त्या दिवशी पाणी स्वच्छच होतं. पण आपल्याकडं पाणी दिवसाआड येतं. ज्या दिवशी पाणी नसतं त्या दिवशी पाइप रिकामा असतो, आणि ढिला जॉइंट आजूबाजूचं जे असेल ते आत ओढून घेतो. दोन महिन्यांनी पोपटरावांची दोन्ही मुलं आणि त्यांची आई काविळीनं आजारी पडली. धाकट्याला राहुरीच्या दवाखान्यात पंधरा दिवस ठेवावं लागलं. त्याची परीक्षा बुडाली, वर्ष गेलं. देवाच्या कृपेनं तिघंही वाचली. ती कृपा माझ्यावर होती, त्यांच्यावर नव्हे. त्यांचा त्यात काय दोष होता?

तक्रार झाली आणि नगरपरिषदेच्या साहेबांनी रस्ता खोदायला लावला. खोदायला मीच होतो. जॉइंट उघडा पडला. गल्ली जमली होती. साहेबांनी विचारलं, "सही कुणाची?"

अण्णा पुढं झाले. "माझी."

"काम कुणी केलं?"

मी अण्णांपासून दोन पावलांवर उभा होतो. हातात फावडं होतं. अण्णांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "सही माझी हाय साहेब. सहीखाली जे काय हाय, ते माझंच."

चारी मी खणली, हे गल्लीनं बघितलं होतं; पण जॉइंट अण्णांच्या सांगण्यावरूनच तसा ठेवला, असं सगळ्यांनी धरलं. तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी बोललं. कोण ते सांगत नाही, तो माणूस आता हयात नाही. म्हणाला, "यांच्या हातचं पानी. दुसरं काय व्हनार?"

मंडळी, मी ते ऐकलं. अण्णांनी ऐकलं. त्यांच्या मानेवरची शीर हलली तेवढी मी पाहिली. मी एक शब्द बोललो असतो तर ते वाक्य तिथंच मेलं असतं. मी फावडं खांद्यावर टाकलं आणि माती लोटू लागलो.

अण्णांचा परवाना वर्षभरासाठी बंद झाला. पंचावन्न उलटलेला माणूस ते वर्ष राहात्याला एका इमारतीवर दुसऱ्याच्या हाताखाली पाइप कापत होता. वर्षानंतर परवाना सुरू करायला नव्या माणसासारखी सगळी फी पुन्हा भरायची होती. मी पैसे घेऊन त्यांच्याकडं गेलो. तेव्हा एकदाच, फक्त एकदाच, ते माझ्यावर चिडले.

"माझी फी तू भरू नको. तुझी भर. तुझ्या नावानं."

मग शांत झाले. चहा मागवला, मी तो घेतला नाही. म्हणाले, "दशरथा, तू खोटं बोललास, हे तुला ठाऊक हाय. मला सांगायचं काय कारण न्हाई. ज्यांना सांगायचं त्यांना सांग. जमल त्या दिवशी सांग. मी तगादा लावणार न्हाई."

त्यांनी शब्द पाळला. बारा वर्षांत तगादा लावला नाही. फक्त मार्चमध्ये विचारायचे, औंदा काढतोस का परवाना?

आणि इथंच माझं सगळं अडलेलं होतं. परवान्याच्या अर्जाच्या शेवटी एक प्रतिज्ञापत्र असतं. माझ्या कामामुळे आजवर कुठंही पाणी दूषित झालेलं नाही, असं लिहून खाली सही करायची. एका वर्षी मी खरंच फी घेऊन खिडकीपाशी गेलो होतो. रांगेत माझा नंबर आला. ते वाक्य वाचलं. खोटी सही करायला हात उठेना आणि खरं लिहायला छाती होईना. मागचा माणूस म्हणाला, "अहो, सरका की." मी सरकलो. घरी आलो. बायकोला म्हणालो, फी लई आहे.

दर शनिवारी मारुतीला जातो. दर शनिवारी त्याला हे सांगत आलो. मारुतीला सांगायला काय लागतं? तो साहेबांना सांगायला जात नाही, कुंभार गल्लीत जात नाही. मी देवाजवळ कबुली देत होतो, म्हणजे खरं तर तिथं लपत होतो. माझी भक्ती खोटी नव्हती, असं मला वाटतं. पण मी तिचा आडोसा केला होता. पाया पडून उठलो की मला हलकं वाटायचं, आणि अण्णा मात्र कुंभार गल्ली टाळून लांबच्या रस्त्यानं सायकल न्यायचे.

अण्णा गेल्यावर तीन दिवस मी कामाला गेलो नाही. मला सारखं वाटत होतं, अण्णांच्या सहीवर मी अजूनही बसलोय. माणूस गेला, तरी त्याच्या नावावर माझा जॉइंट तसाच आहे.

गुरुवारी वहिनींकडं गेलो. सगळं सांगितलं. वहिनींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला ठाऊक हुतं, भाऊजी. ह्यांनी न्हाई सांगितलं. त्या वर्षापासून तुमी आमच्या घरात चहा घ्यायचं सोडलं. तवाच कळलं."

मी म्हणालो, "मग तुम्ही कधी बोलल्या कशा नाहीत?"

त्या म्हणाल्या, "ह्यांनी झाकलेलं मी कशी उघडू? ते तुमचं हुतं."

मी त्यांना विचारलं, रविवारी सभेत सांगू का? त्या म्हणाल्या, "सभेत मागून सांगा. आधी ज्यांची लेकरं आजारी पडली, त्यांच्या दारात जा."

शुक्रवारी सकाळी पोपटरावांच्या दारात गेलो. ते ओट्यावर दाढी करत होते. उभ्यानंच सांगितलं. त्यांच्या गालावरचा साबण तसाच वाळला. मग म्हणाले, "अण्णा बाजारात समोर आले की मी तोंड फिरवायचो. तू बघायचास ते?"

"बघायचो."

"बारा वर्षं?"

"व्हय."

"निघ आता."

मी निघालो. त्यांनी मला माफ केलं नाही आणि मी मागितलंही नाही. पण पोपटराव आज इथं आलेत. दाराजवळ उभे आहेत. धाकट्या मुलाला घेऊन आलेत. ते माझ्यासाठी आलेले नाहीत, हे मला कळतं. ज्यांच्यासाठी आलेत त्यांच्यापर्यंत ते पोचलं असेल, असं मला मनापासून वाटतं.

मंडळी, या गावात ज्यांनी ज्यांनी अण्णांच्या हातच्या पाण्याला नाव ठेवलं, त्यांनी आज ऐकावं. ते हात अण्णांचे नव्हते. ते हे हात आहेत.

आता एकच गोष्ट राहिली.

शुक्रवारी दुपारी मी नगरपरिषदेत गेलो. परवान्याची फी भरली. दोन हप्त्यांची सवलत अण्णांनी मिळवून दिलेली होती, पण मी ती घेतली नाही, एकदम भरली. अर्ज भरला. शेवटच्या प्रतिज्ञापत्रातलं ते वाक्य रेघ मारून खोडलं आणि त्याखाली माझ्या हातानं लिहिलं की कुंभार गल्लीतलं अमुक घरचं काम मी केलं, जॉइंट मी गटारात ठेवला, सही करणाऱ्याला मी खोटं सांगितलं.

खिडकीतल्या क्लार्कनं वाचलं. तरुण आहेत, चांगले आहेत. म्हणाले, "काका, हे असं लिहिलंत तर परवाना मिळायचा नाही. भरलेली फी पण परत मिळायची नाही. दुसरा फॉर्म देऊ का?"

मी म्हणालो, "राहू द्या. हाच घ्या."

मग दुसरा कागद दिला. त्या वर्षीच्या तक्रारीच्या फायलीत अण्णांचं एकट्याचं नाव आहे, ते दुरुस्त करा, असा अर्ज. क्लार्क म्हणाले, "काका, ज्यांच्यावर कारवाई झाली ते तर वारले. आता त्यांचं नाव पुसता येत नाही."

मी म्हणालो, "पुसू नका. त्यांनी सही केली होती, ते त्यांनी कधी नाकारलं नाही. शेजारी माझं नाव लिहा. काम करणारा म्हणून."

त्यांनी साहेबांना विचारलं. अर्धा तास मला बाकावर बसवलं. मग दोन्ही कागद आवक झाले, शिक्के पडले.

माझ्या अर्जावर चौकशी होईल. परवाना मिळेल की नाही, सांगता येत नाही. न मिळाला तर मी चारी खणीन, हाताखाली काम करीन, रफिकभाईच्या हाताखालीसुद्धा करीन. त्याचे टोमणे ऐकीन. पण त्या फायलीत आता अण्णा एकटे नाहीत. एवढं मी केलं. बारा वर्षं उशिरा केलं, पण केलं.

आता माझी सगळ्यांना विनंती आहे. बसलेले आहेत त्यांनी उभं राहावं, उभे आहेत त्यांनी मोबाईल बंद करावेत. दोन मिनिटं अण्णांसाठी शांत राहू या.